मोडलेला खुबा, धातूचा सांधा आणि हरवलेली नोंद

घरातील सत्तरी ओलांडलेले माणूस रात्री उठते, न्हाणीघराच्या उंबरठ्याशी पाय घसरतो आणि ते एका कुशीवर पडते. रक्त येत नाही, जखमही दिसत नाही. पण उठून उभे राहता येत नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. एक्स-रे पाहून डॉक्टर सांगतात की, मांडीच्या हाडाची मान मोडली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. आणि मग रुग्णालयाच्या व्हरांड्यात नातेवाइकांना एक प्रश्न विचारला जातो : सांधा कोणता बसवायचा? साधा, बायपोलर की पूर्ण? देशी की परदेशी?

या प्रश्नाचे उत्तर नातेवाइकांपाशी नसते, यात नवल नाही. गुडघा बदलायचा तर माणूस वर्षभर विचार करतो, चार डॉक्टरांना विचारतो, पैशांची जुळवाजुळव करतो. मोडलेला खुबा अशी सवड देत नाही. निर्णय एक-दोन दिवसांत घ्यावा लागतो आणि तो घेताना रुग्ण वेदनेने तळमळत असतो. म्हणूनच या बाबतीत निवड कशी करावी, किंमत किती असावी आणि बसविलेला सांधा पुढे कसा वागला, याची उत्तरे व्यवस्थेपाशी आधीच तयार असली पाहिजेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगातील संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर आपण अर्धवट दिले. तिसऱ्याला मात्र आपण अद्याप नीट हातच घातलेला नाही.

मान मोडते म्हणजे काय होते?

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडातील वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो. हा गोळा आणि मांडीचे लांब हाड यांना जोडणारा तिरका, अरुंद भाग म्हणजे हाडाची मान. शरीराचा सारा भार या मानेवरून खाली उतरतो. उतारवयात हाडे ठिसूळ झाली की, हीच जागा सर्वांत कच्ची ठरते. विशेषतः पाळी गेल्यानंतर स्त्रियांच्या हाडांची झीज वेगाने होते. त्यामुळे या रुग्णांमध्ये वृद्ध स्त्रियांचे प्रमाण मोठे असते.

मानेच्या खाली, हाडाच्या रुंद भागात अस्थिभंग झाला तर तेथे रक्तपुरवठा भरपूर असतो. खिळा किंवा पट्टी बसवून हाड जुळविले की ते बहुधा सांधते. मानेचे तसे नाही. गोळ्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला लगटूनच वर जातात. मान मोडून हाड सरकले की, त्या वाहिन्याही तुटतात. मग स्क्रू घालून हाड जुळविले तरी ते सांधेल याची खात्री नसते. सांधले तरी रक्ताअभावी गोळा पुढे मरून ढासळू शकतो. ब्रिटिश शल्यविशारद सर अॅस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांध्याच्या आवरणाच्या आतील आणि बाहेरील अस्थिभंग असा भेद स्पष्ट केला होता. गार्डन या शल्यविशारदाने १९६१ मध्ये हाड किती सरकले आहे यावरून या अस्थिभंगाच्या चार पायऱ्या ठरविल्या. ती वर्गवारी आजही अस्थिरोगतज्ज्ञांच्या रोजच्या बोलण्यात आहे.

तरुण माणसाचा गोळा वाचविण्याचा प्रयत्न केला जातो, कारण त्याला पुढची चाळीस वर्षे तोच सांधा वापरायचा असतो. वृद्धाचे गणित वेगळे असते. त्याला दोन-तीन महिने पायावर भार न देता पडून राहणे परवडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायातील शिरांत रक्ताची गुठळी यांपैकी काहीही गाठू शकते. म्हणून हाड सरकलेले असेल तर मोडलेला गोळा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसविणे आणि रुग्णाला लगेच चालविणे, हा सर्वमान्य मार्ग झाला.

सांध्याची चार पिढ्यांची वाटचाल

१९४० मध्ये ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन या अमेरिकी शल्यविशारदांनी व्हायटॅलियम या मिश्रधातूपासून बनविलेला खुब्याचा वरचा भाग प्रथमच एका रुग्णात बसविला. तो रुग्ण अस्थिभंगाचा नव्हता, हाडातील गाठीचा होता. पुढे पन्नासच्या दशकात मूर यांनी सुधारलेला आणि फ्रेडरिक थॉम्पसन यांनी स्वतंत्रपणे तयार केलेला असे दोन सांधे जगभर पसरले. दोन्हींची रचना सोपी आहे. धातूचा गोळा आणि त्याला जोडून हाडाच्या पोकळीत उतरणारा दांडा, सारे अखंड. रुग्णाची स्वतःची वाटी तशीच ठेवायची आणि गोळा तेवढा बदलायचा. यालाच अर्धा सांधा बदलणे म्हणतात.

सत्तरच्या दशकात बायपोलर सांधा आला. यात लहान गोळ्यावर दुसरा मोठा गोळा टोपीसारखा बसतो आणि हालचाल दोन ठिकाणी विभागली जाते. वाटीची झीज त्यामुळे कमी होईल, अशी कल्पना त्यामागे होती. या दरम्यान, १९६२ मध्ये, इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा लहान गोळा, अतिघन पॉलिथिलिनची वाटी आणि दोन्ही हाडात पक्के बसविणारे सिमेंट असे त्रिकूट यशस्वी केले. आजच्या पूर्ण सांधेबदलाचा पाया तोच. या सिमेंटविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ते डिंकासारखे चिकटविण्याचे काम करीत नाही. दांडा आणि हाड यांमधील पोकळी भरून ते भार सर्वत्र सारखा वाटते.

म्हणजे आज डॉक्टरांपुढे तीन प्रश्न असतात. अर्धा सांधा की पूर्ण? सिमेंटचा की बिनसिमेंटचा? साधा की आधुनिक? गेल्या काही वर्षांत या तिन्ही प्रश्नांवर मोठे अभ्यास झाले असून त्यांचे निष्कर्ष आपल्याकडच्या समजुतींना धक्का देणारे आहेत.

महाग म्हणजे उत्तम नव्हे

पहिला प्रश्न पूर्ण सांध्याचा. पन्नाशीच्या पुढील, दुखापतीपूर्वी स्वतःच्या पायांनी चालत असलेल्या १,४९५ रुग्णांचा अभ्यास दहा देशांतील ८० केंद्रांत झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पूर्ण सांध्यात ७.९ टक्के आणि अर्ध्या सांध्यात ८.३ टक्के निघाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पूर्ण सांधा बसविलेल्यांना चालण्या-फिरण्यात किंचित अधिक सुख वाटले, पण तो फरक फार मोठा नव्हता. उलट सांधा अस्थिर होण्याचे वा निखळण्याचे प्रमाण पूर्ण सांध्यात ४.७ टक्के, तर अर्ध्यात २.४ टक्के होते. याचा अर्थ पूर्ण सांधा वाईट असा नाही. घराबाहेर हिंडणाऱ्या, धडधाकट आणि पुढे बरीच वर्षे जगण्याची शक्यता असलेल्या माणसाला तो योग्य ठरू शकतो. पण पंच्याऐंशी वर्षांच्या, घरातल्या घरात काठीने चालणाऱ्या आजींसाठी 'पूर्ण म्हणजे अधिक चांगला' हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरा प्रश्न सिमेंटचा. ब्रिटनमध्ये साठीपुढील १,२२५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिमेंटचा अर्धा सांधा व बिनसिमेंटचा आधुनिक अर्धा सांधा यांची तुलना झाली. सिमेंटवाल्या रुग्णांचे जीवनमान चार महिन्यांनी अधिक चांगले होते. सांध्याच्या दांड्याभोवतीचे हाड नव्याने मोडण्याचे प्रमाण सिमेंटमध्ये ०.५ टक्के, तर बिनसिमेंटमध्ये २.१ टक्के होते. सिमेंट भरताना रक्तदाब एकाएकी घसरण्याचा धोका असतो, हे खरे. हृदय वा फुप्फुसे कमकुवत असलेल्या रुग्णात भूलतज्ज्ञाला सावध राहावे लागते. पण वर्षभरातील मृत्यूंचा आकडा पाहता सिमेंटच्या गटात तो २३.९ टक्के आणि दुसऱ्या गटात २७.८ टक्के होता. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नसला तरी सिमेंटविषयीची सरसकट भीती त्यातून टिकत नाही. आणि हे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. उत्तम व्यवस्था असलेल्या देशातही खुबा मोडलेल्या दर चार वृद्धांपैकी एक जण वर्षभरात जातो. आपण 'हाड मोडले, बसवून घेऊ' म्हणतो तो आजार इतका गंभीर आहे.

तिसरा प्रश्न साध्या व आधुनिक सांध्याचा. ब्रिटनमधील 'नाइस' या वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे ठरविणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये ऑस्टिन मूर व थॉम्पसन हे जुने दांडे टाळून सिद्ध झालेली आधुनिक रचना वापरावी, असे सांगितले. मूर सांधा बिनसिमेंटचा बसविला जातो, तो पुढे सैल होतो आणि मांडीत दुखत राहते, हा अनुभव जुना आहे. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९६४ रुग्णांच्या अभ्यासात सिमेंटने बसविलेला थॉम्पसन आणि सिमेंटनेच बसविलेला आधुनिक सांधा यांच्यात रुग्णाच्या जीवनमानाच्या दृष्टीने चार महिन्यांनी लक्षणीय फरक आढळला नाही. बायपोलर आणि अखंड गोळ्याचा सांधा यांचीही तीच गत. जगभरातील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या परीक्षणात या दोहोंत फारसा फरक दिसला नाही, तर सिमेंटचा लाभ मात्र पुन्हा अधोरेखित झाला.

आपल्याकडे बायपोलर सांधा अतिशय लोकप्रिय आहे. 'साधा' शब्द ऐकला की, आईवडिलांसाठी आपण काटकसर करतो आहोत अशी टोचणी मुलांच्या मनाला लागते आणि ती वरचा पर्याय निवडतात. हे स्वाभाविक आहे, पण उपलब्ध पुरावा त्या टोचणीच्या बाजूने नाही. योग्य रुग्णात, योग्य वेळी, सिमेंटने नीट बसविलेला स्वस्त सांधा हा महागड्या सांध्याइतकाच उपयोगी ठरू शकतो. हे नातेवाइकांना स्पष्टपणे सांगणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

वेळ हेही औषधच

सांध्याच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते, ती वेळेची. शस्त्रक्रिया रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असे ब्रिटनमधील तत्त्व आहे. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निदानानंतर सहा तासांत आणि चोवीस तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना करण्यात आली. ९० दिवसांतील मृत्यूंत फारसा फरक नव्हता. पहिल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात १० टक्के. पण लवकर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण लवकर उभे राहिले, त्यांच्यात भ्रमाचे प्रमाण कमी होते आणि ते लवकर घरी गेले. ही तुलना सहा आणि चोवीस तासांची होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडचा विलंब तासांत नव्हे, दिवसांत मोजावा लागतो. आधी हाडवैद्य, मग तालुक्याचा दवाखाना, मग पायाला वजन लावून जिल्ह्याच्या गावी वाट पाहणे, मग पैशांची जुळवाजुळव, मग सांधा मागविणे. या साखळीची प्रत्येक कडी रुग्णाच्या फुप्फुसांवर आणि पाठीवर आपली खूण सोडते.

ब्रिटनने या साखळीवर उपाय शोधला तो नोंदींतून. तेथे २००७ मध्ये खुबा मोडलेल्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. कोणत्या रुग्णालयात किती तासांनी शस्त्रक्रिया झाली, वृद्धरोगतज्ज्ञाने रुग्ण पाहिला का, महिनाभरात किती दगावले, हे उघड होऊ लागले. २०१० पासून ठरलेले निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना प्रत्येक रुग्णामागे अधिक रक्कम मिळू लागली. इंग्लंडमध्ये या रुग्णांचे ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २००७ मधील १०.९ टक्क्यांवरून २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. मोजले जाते आहे हे ठाऊक झाल्यावर रुग्णालये सुधारली, हेच त्यातील मर्म.

नोंद नसण्याची किंमत

नोंद नसली तर काय होते, याचा धडा भारताला 'एएसआर' प्रकरणाने दिला. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीचा हा सांधा धातूच्या गोळ्यावर धातूची वाटी अशा रचनेचा होता. तो मुख्यतः सांधा झिजलेल्या रुग्णांसाठी होता, अस्थिभंगासाठी नव्हे. पण खुब्यात बसविलेल्या कोणत्याही वस्तूला त्याचा धडा लागू पडतो. दोन धातू एकमेकांवर घासून कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सांध्याभोवती आणि रक्तात उतरू लागले. काही रुग्णांत सांध्याभोवतीचे स्नायू व हाड सडले आणि सांधा काढून नवा बसवावा लागला.

हे प्रथम कोणाच्या लक्षात आले? ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही आहे. तेथे २००७ मध्येच या सांध्याच्या फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले आणि २००९ च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून मागे घेण्यात आला. ब्रिटनच्या नोंदवहीनेही पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांत फेरशस्त्रक्रिया झाल्याचे दाखविले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. तोवर जगात सुमारे ९३ हजार रुग्णांत तो बसला होता. भारतात ही संख्या सुमारे ४,७०० होती.

भारतात पुढे काय झाले? महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तक्रारींवरून चौकशी केली, पोलिसांत गुन्हा नोंदविला आणि केंद्राचे लक्ष या प्रकाराकडे वेधले. ही गोष्ट राज्याला भूषणावह आहे. पण केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली ती २०१७ मध्ये, म्हणजे सांधा मागे घेतल्यानंतर जवळजवळ सात वर्षांनी. समितीने २०१८ मध्ये अहवाल देऊन प्रत्येक बाधित रुग्णाला किमान २० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सुचविले. त्याच वर्षी केंद्राने अपंगत्वाचे प्रमाण व वय यांनुसार ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र मान्य केले. कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर काही रुग्णांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी तिने दाखविली. त्याच कंपनीने अमेरिकेत २०१३ मध्ये हजारो रुग्णांचे दावे मिटविण्यासाठी सुमारे अडीचशे कोटी डॉलरची तडजोड केली होती, हे येथे आठवते. कंपनीची बाजूही नमूद केली पाहिजे. उत्पादन स्वतःहून मागे घेतल्याचे आणि तपासण्या व फेरशस्त्रक्रियेच्या खर्चाची योजना राबविल्याचे तिचे म्हणणे आहे.

पण या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा भरपाईचा नाही. ४,७०० पैकी जेमतेम हजारेक रुग्णांचाच माग लागला. साडेतीन हजारांहून अधिक माणसे आपल्या शरीरात काय आहे हे न कळताच हिंडत राहिली, किंवा ते न कळताच गेली. त्यांना कोणी जाणूनबुजून लपविले नव्हते. त्यांची नावे आणि सांध्याचा क्रमांक एकत्र कोठे लिहिलेच नव्हते.

अस्थिभंगाच्या रुग्णांत हा धोका अधिक गडद होतो. सांधा झिजलेला रुग्ण आपल्या डॉक्टरकडे वर्षानुवर्षे जात असतो. पडून खुबा मोडलेली वृद्धा मात्र शस्त्रक्रियेनंतर गावी परतते, दुखले तर 'वयच झाले' म्हणून सोसते आणि दोन-चार वर्षांत हे जग सोडते. तिचा सांधा सैल झाला होता, तो सदोष होता की नीट बसविला गेला नव्हता, हे कोणालाच कळत नाही. सदोष वस्तू अशा रुग्णांत सहज दडून राहू शकते.

कायदे आले, नोंदवही राहिली

आपल्या कायद्याची चाल संथ असली तरी दिशा योग्य आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये अस्थिरोपणाची साधने, हाडांचे सिमेंट आणि शरीरात बसविले जाणारे कृत्रिम अवयव औषधांच्या व्याख्येत आणण्यात आले. शरीरात पडणाऱ्या दोषांच्या तक्रारी नोंदविण्यासाठी २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ मध्ये झाले व १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली.

किमतीच्या बाबतीतही एक मोठे पाऊल पडले. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत ठरविली. गुडघ्याच्या नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये होती. रुग्णालयाने बिलात सांध्याची किंमत, उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक वेगळा दाखवावा, असेही बंधन आले. पण तो निर्णय गुडघ्यापुरता होता. खुब्याचा सांधा त्यात नव्हता. गुडघा बदलणे बहुतांश वेळा सवडीची गोष्ट असते, तर मोडलेला खुबा ही निकड असते. घासाघीस करण्याची ताकद जेथे सर्वांत कमी, तेथे किमतीचे संरक्षणही नसावे, हा उलटा न्याय आहे.

आणि आज या शस्त्रक्रियांचा मोठा भार सरकारच उचलते आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना झाली. २०२३ मध्ये तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत व राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तरीपुढील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कवच मिळाले. खुबा मोडण्याचे वय नेमके हेच. अर्धा व पूर्ण असे दोन्ही सांधेबदल या योजनेच्या यादीत आहेत.

येथेच एक सोपी वाट दिसते. शस्त्रक्रियेचा दावा मंजूर होण्यासाठी रुग्णालयाकडून रुग्णाचे नाव, एक्स-रे आणि बसविलेल्या सांध्याचा तपशील मागितला जातो. पैसे देण्यासाठी तपासला जाणारा हाच कागद नोंदवहीचे पहिले पान ठरू शकतो. प्रत्येक सांध्याच्या खोक्यात उत्पादकाचे स्टिकर असते. त्यावर बॅच व अनुक्रमांक असतो. ते रुग्णाच्या आरोग्य ओळखपत्राशी जोडले, पडल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती तास गेले ते लिहिले आणि पुन्हा त्याच खुब्याचा दावा आला की तो आपोआप पहिल्याशी जुळवला, तर नवे कार्यालय वा नवी इमारत न उभारताही देशाला खुब्यांची नोंदवही मिळेल. सांधेबदल करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने स्वतःच्या बळावर अशी नोंदवही चालविली आहे. तिचे कौतुक केलेच पाहिजे. पण ऐच्छिक नोंदवहीत जे चांगले काम करतात तेच लिहितात. ज्यांची नोंद सर्वांत गरजेची, ते बाहेर राहतात. एएसआर समितीनेही अशा साधनांच्या स्वतंत्र नोंदवहीची गरज सांगितली होती.

यावर आक्षेप घेतला जाईल की, आधीच कागदांच्या ओझ्याखाली दबलेल्या जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरने आणखी किती लिहायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नव्या अर्जाची नव्हे, आहे त्याच अर्जाच्या वापराची गोष्ट आहे. दुसरा आक्षेप असा की, किमती बांधल्या तर चांगल्या कंपन्या पाठ फिरवतील. ही भीती पूर्णपणे निराधार नाही. पण वर पाहिलेले पुरावे सांगतात की, बहुसंख्य वृद्धांना लागणारा सांधा हा सर्वांत नवा वा सर्वांत महाग नसून वर्षानुवर्षे सिद्ध झालेला साधा सांधा आहे. त्याची घाऊक खरेदी सरकारने ठरलेल्या दराने करणे अवघड नाही.

नातेवाइकांनी काय करावे?

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर घरच्यांना काही गोष्टी करता येतील. पडलेल्या वृद्धाला हाडवैद्याकडे न नेता थेट अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया किती तासांत होईल, हा पहिला प्रश्न विचारावा आणि सांध्याचे नाव त्यानंतर. आपल्या माणसाला अर्धा सांधा पुरेल का, सिमेंटचा बसविणार का आणि नाही तर का नाही, हे निःसंकोच विचारावे. शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या स्टिकरची प्रत मागून घ्यावी आणि ती शिधापत्रिकेइतकीच जपून ठेवावी. दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उभे करण्याचा आग्रह डॉक्टरांनी धरला तर त्याला क्रौर्य समजू नये. सांध्याइतकाच तो उपचाराचा भाग आहे. आणि घरी परतताना हाडांच्या ठिसूळपणावरील औषधांविषयी विचारल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडण्याचा धोका मोठा असतो. न्हाणीघरात पकडायला दांडी, पायाखाली न घसरणारी फरशी आणि रात्री जळणारा लहानसा दिवा यांचा खर्च कोणत्याही सांध्यापेक्षा कमी आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. ती त्यानंतर वाढतच गेली आहे. १९९० मध्ये जगात सुमारे १७ लाख खुबे मोडले होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ६० लाखांच्या पुढे जाईल, असा अंदाज तज्ज्ञांनी १९९२ मध्येच मांडला होता. त्यातील मोठी वाढ आशियातच अपेक्षित होती. म्हणजे हा प्रश्न आपल्या दारात अचानक आलेला नाही. तीस वर्षांपूर्वीच त्याची वर्दी मिळाली होती.

शरीरात धातू बसविताना रुग्ण समाजावर विश्वास टाकत असतो. जे बसविले ते काय आहे, कोणी बनविले आणि ते टिकले की नाही, हे पाहणारे कोणीतरी आहे, असे तो गृहीत धरतो. ते गृहीत साडेतीन हजारांहून अधिक माणसांच्या बाबतीत खोटे ठरले. पुढच्या वृद्धेच्या बाबतीत ते खरे ठरवायचे असेल, तर तिच्या खुब्यात जाणाऱ्या सांध्याचा क्रमांक तिच्या नावापुढे लिहिला गेला पाहिजे. आरंभ एवढ्याशा नोंदीपासूनच करावा लागेल.